दोन कोट मारले की दिसणार नाही

गणपतीला आठ दिवस राहिले होते. पुण्यात सिंहगड रस्त्यावर नदीच्या अंगाला असलेल्या एका सोसायटीत, तळमजल्यावरच्या घरात रंगकाम चाललं होतं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे एकतानगरी आणि आसपासच्या भागात पाणी शिरलं, त्याच पट्ट्यातलं हे घर. गाळ उपसून झाला होता, फरशी फिनाइलने चार-चार वेळा पुसून झाली होती. आतल्या खोलीतलं प्लायवुडचं कपाट रंगासाठी पुढे ओढलं, तेव्हा मागच्या भिंतीवर गुडघ्यापासून कमरेपर्यंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांचा पट्टा निघाला. रंगारी दादा तो कोरड्या पट्टीने खरवडत होते. भिंत लवकर वाळावी म्हणून डोक्यावर पंखा पूर्ण वेगात फिरत होता, आणि खरवडलेली भुकटी ट्यूबच्या उजेडात खोलीभर तरंगताना स्पष्ट दिसत होती. घरातल्या काकू पदर नाकाला लावून दारात उभ्या होत्या. "परत नाही ना येणार हे?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, "काकू, काळजीच करू नका. पुट्टी ओढतो, वर दोन कोट मारतो. दिसणार नाही."

दिसणार नाही.

त्या उत्तरात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते डोक्यातून जात नाही. दादांचं काम भिंत चांगली दिसेल असं करून देण्याचं, आणि ते काम ते मनापासून करत होते. दोन कोटांनंतर पट्टा दिसला नसताच. गणपतीत नाही, बहुधा दिवाळीतही नाही. पण मागच्या विटांमध्ये पाणी तसंच होतं. त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक इमल्शनचा थर चढला की पाण्याची खोलीकडे यायची वाट बंद होते. मग ते थरामागे साचतं, रंगाला फोड येतो, फोडाचा पोपडा होतो, आणि पोपड्याखाली बुरशी मजेत वाढलेली असते, कारण रंगातले आणि पुट्टीतले सेंद्रिय घटकही तिला खायला चालतात. दरवर्षी त्याच कोपऱ्याला रंग देणारी घरं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. घरमालक रंगाची कंपनी बदलतात, रंगारी बदलतात, कोपरा तोच राहतो.

नवल याचं वाटतं, की आपल्या स्वयंपाकघराला हे सगळं फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, हे घरातल्या लहान मुलालाही सांगावं लागत नाही. बरणी उन्हात वाळवून घ्यायची, वर तेलाचा थर राहील असं बघायचं, फडक्याने तोंड बांधायचं. बुरशी कुठून आली असं कोणी विचारत नाही. पाणी कुठून लागलं, हा पहिला प्रश्न असतो. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिच्या बियांसारखे सूक्ष्म कण, हवेत सगळीकडे, सदासर्वकाळ असतात. या क्षणी तुमच्या खोलीतही आहेत. त्यांना धूळ, कागद, लाकूड, डिंक, कापूस यांतलं काहीही पुरतं आणि पुण्याची हवा त्यांना बाराही महिने मानवते. यांतलं काहीच आपल्या हातात नाही. हातात आहे ते फक्त पाणी. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशी बहुतेक वेळा धरत नाही. त्यापुढचा प्रत्येक दिवस तिचा. पुराचं पाणी घरातून काही तासांत ओसरतं, माणसं हुश्श करतात, फरशी कोरडी दिसायला लागते. नऊ इंची विटांच्या भिंतीने पोटात घेतलेलं पाणी मात्र महिनोन्‌महिने तिथेच असतं.

याच पुण्याच्या शेजारी, पिंपरीत, १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, पेनिसिलिन बनवायला. ज्या पेनिसिलियम कुळातल्या बुरशीपासून ते औषध मिळतं, त्याच कुळातल्या जाती ओल्या घरांच्या भिंतींवर नेहमी सापडतात. पिंपरीला तिच्या वाढीची सोय टाक्यांमध्ये मुद्दाम करावी लागली. आपण ती कपाटामागे नकळत करून देतो. हे आठवलं की बुरशीकडे राक्षस म्हणून बघावंसं वाटत नाही. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसमुळे 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत धडकी भरवून गेला, आणि तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग दिसला की लोक घाबरून जातात. तो आजार वेगळा. त्यातला काळेपणा मेलेल्या पेशींचा होता. भिंतीवरच्या बुरशीच्या रंगावरून ती किती घातक हे ठरवता येत नाही. काळी म्हणजे विषारी आणि पांढरी म्हणजे निरुपद्रवी, असं काही नाही. पण म्हणून ती चालवून घ्यावी असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, ती दमा, खोकला आणि श्वासाच्या तक्रारींशी तिचा संबंध स्पष्ट दिसतो म्हणूनच. घरात तान्हं बाळ, दम्याचा माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल, तर काम सुरू होण्याआधी त्यांना दुसरीकडे हलवायलाच हवं.

काम सुरू करायचं ते डागापासून नव्हे, पाण्यापासून. पुराच्या घरात पाणी कुठून आलं हे उघड असतं. २०१९ च्या सप्टेंबरात २५ तारखेच्या रात्री आंबिल ओढा घरांत घुसला, तेव्हाही ते विचारावं लागलं नाही. बाकी घरांत ते शोधावं लागतं. वरच्या मजल्यावरच्या न्हाणी ट्रॅपचा सांधा, डक्टमधला पाइप, गच्चीवरच्या कोब्याला गेलेली भेग, पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा थेट मारा. वरच्यांचं की खालच्यांचं, या वादात सोसायट्यांचे दोन-दोन पावसाळे जातात आणि भिंत मुकाट भिजत राहते. आधी एक खात्री करून घ्यावी, की जे दिसतंय ती बुरशीच आहे. भिंतीवर पांढरा कापसासारखा फुलोरा आला असेल तर तो पुष्कळदा लोणा असतो, म्हणजे विटा-सिमेंटमधून पाण्याबरोबर वर आलेले क्षार. चिमटीत घेतला की त्याची कणीदार भुकटी होते आणि पाण्याचा थेंब टाकला की तो विरघळतो. बुरशी विरघळत नाही, चिकट होऊन पसरते. दुसरी खूण प्लास्टिकची. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक तुकडा भिंतीवर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. दव भिंतीकडच्या बाजूला धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर ते खोलीतल्या दमट हवेचं आहे, आणि तिथे वॉटरप्रूफिंगवर पैसे घालणं वाया जाणार. अशा खोलीत बहुधा पावसाळाभर दोरीवर कपडे वाळत असतात आणि बाथरूमचा पंखा बंद पडलेला असतो.

आता ती खरवडपट्टी. कोरड्या बुरशीवर पट्टी चालवली की एका झटक्यात असंख्य बीजाणू सुटतात, आणि वर पंखा असेल तर ते पाच मिनिटांत देवघरापर्यंत पोचतात. एका खोलीचा प्रश्न घरभर होतो तो असा. म्हणून जाणकार माणूस खोलीत शिरताच आधी पंखा आणि एसी बंद करतो. पूर आलेल्या घरात तर आधी मेन स्विचच बंद. इलेक्ट्रिशियनने सगळे बोर्ड उघडून बघितल्याशिवाय तिथे काही चालू करायचं नाही, कारण भिंतीतल्या पाइपांत आणि स्विचच्या डब्यांत पाणी साचून राहतं. मग खोलीच्या दाराला दीडशे मायक्रॉनचं जाड प्लास्टिक लावायचं, कडा टेपने बंद करायच्या, आणि खिडकीत बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवायचा. तो सुरू झाला की दारावरचं प्लास्टिक खोलीच्या आत ओढलं जाऊन फुगतं. हा फुगवटा हीच पावती. खोलीतली हवा फक्त खिडकीतून बाहेर जाते आहे, घरात येत नाही, हे तो सांगतो. फुगवटा गेला तर हातातलं काम थांबवून आधी फट शोधायची. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही. कमीत कमी एन-९५ हवा, चेहऱ्याला चपखल बसलेला, आणि दाढी असेल तर तो बसत नाही. फटी नसलेला गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, वरून टाकाऊ अंगरखा. दहा चौरस फुटांपेक्षा कमी डाग असेल आणि तो सांडपाण्यातून आलेला नसेल, तर हे घरच्या घरी करता येतं. त्याहून मोठं असेल तर शिकलेल्या हातांकडे द्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

खरवडण्याआधी भिंतीवर पाण्यात थोडा साबण मिसळून हलका फवारा मारायचा. भिंत भिजवायची नाही, भुकटी उडू नये इतपतच. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गिलाव्याला मात्र खरवडून भागत नाही. तो पाण्याच्या रेषेच्या वर निदान फूटभर तरी छिन्नी-हातोडीने काढावा लागतो, कारण भिंत दिव्याच्या वातीसारखी पाणी वर ओढते. नव्या इमारतींत विटांवर किंवा ब्लॉकवर थेट जिप्सम प्लास्टर असतं. ते भिजलं की बोटाने दाबलं तरी दबतं, त्याला वाचवायच्या फंदात पडू नये. जिप्सम बोर्डचं पार्टिशन किंवा फॉल्स सीलिंग असेल तर दिसणाऱ्या डागाच्या पलीकडे दीड-दोन फूट कापायचं. त्याच्या पाठीवरचा कागद हे बुरशीचं आवडतं खाणं, आणि पुढून स्वच्छ दिसणारा बोर्ड मागून काळाकुट्ट निघतो. हमखास विसरली जाते ती स्कर्टिंगची टाइल. ती काढली की मागे चिकट काळा चिखल सापडतो, पाणी ओसरून दोन महिने झाले तरी. सगळा मलबा जाड पिशवीत, पिशवीच्या गळ्याला पीळ देऊन टेप, पिशवी बाहेरून ओल्या फडक्याने पुसून मगच घराबाहेर. गोणीत भरून जिन्यातून फरफटत नेला, तर वरच्या सगळ्या मजल्यांना वाटत गेल्यासारखं होतं. उघड्या विटा तारेच्या ब्रशने घासायच्या, हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढून घ्यायच्या, साबणाच्या पाण्याने पुसायच्या, आणि वाळल्यावर पुन्हा एकदा व्हॅक्यूम. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवणारा. घरातला साधा व्हॅक्यूम पुढून बीजाणू ओढतो आणि मागून हवेत सोडतो.

ब्लीचबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण ते जवळजवळ प्रत्येक घरात भिंतीवर ओतलं जातं. टाइल, काच, सिरॅमिक यांवर ते ठीक आहे. वीट, गिलावा, लाकूड यांच्यावर ब्लीच वरचा रंग उडवतं, म्हणजे तेही 'दिसणार नाही' असंच करतं, आणि त्यातलं पाणी मात्र आत मुरतं, जिथे बुरशीचे तंतू असतात. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी देते. ती मारून भिंतीवर ठेवण्यात अर्थ नाही, तिला तिथून काढावं लागतं. ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं आम्ल कधीही, चुकूनही मिसळू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो. धूर किंवा फवारा सोडून 'एका तासात बुरशीमुक्त घर' देणाऱ्यांचंही तेच. सगळं काढून, पुसून झाल्यावर जंतुनाशक मारलं तर मारावं. आधीच्या कामाची जागा ते घेत नाही.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा या कामातला सगळ्यात जड भाग, आणि त्याला कुठलंच यंत्र नाही. स्टीलची भांडी, काच, मार्बल, लोखंडी कॉट, सगळं धुऊन राहतं. जुनं सागवानी फर्निचर वाळवून, घासून, पॉलिश करून वाचतं. पार्टिकल बोर्ड फुगला की संपला. एमआर ग्रेडचं, म्हणजे ओलावा-रोधक, प्लायवुड ओलावा सोसतं, बुडणं नाही. त्याचे थर सुटतात आणि प्रत्येक थरामध्ये बुरशी घर करते. पुराच्या पाण्यात सांडपाणी असतं, त्यामुळे बुडालेली कापसाची गादी उन्हात टाकून किंवा पिंजाऱ्याकडून पिंजून घेऊन वापरात आणू नये. पिंजताना त्यातली बुरशी त्या माणसाच्या छातीत जाते. कपडे गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात, पैठणी-शालू वेगळ्या पिशवीत बांधून, काय झालंय ते सांगून ड्रायक्लीनरकडे. पण लग्नाचा अल्बम? फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. पाण्याने तो मऊ पडतो, आणि बुरशीला तो अन्नच. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत, चेहरे सोलून निघतात. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवले तर पुष्कळदा आपोआप सुटतात, मग चित्राची बाजू वर ठेवून सावलीत एकेक वाळवायचे. तितका वेळ नसेल तर झिपच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये. भिजलेल्या वह्या-पुस्तकांनाही तेच. गोठल्याने वाढ थांबते, आणि घर आवरून झाल्यावर शांतपणे एकेक बाहेर काढून वाळवता येतं. पानशेत धरण फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, पुण्यात नदीकाठच्या घरांमधून जे कागद आणि फोटो गेले, त्यांच्यासाठी फ्रीझर कुणाकडे होता! आज तो घरोघरी आहे, पण हे माहीत नसल्याने अजूनही अल्बम पहिल्याच दिवशी गाळाच्या ट्रॅक्टरमध्ये जातात. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने फ्रीझरचा एक कप्पा दिला तरी पुरतो.

मग उरतं वाळवणं, आणि तिथे सगळ्यांचा धीर सुटतो. ढोबळ हिशेब असा, की भिंत इंचाला महिना घेते. भर पावसाळ्यात खिडक्या उघड्या टाकून भिंत वाळत नाही, कारण बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असणं हे रोजचंच. अशा वेळी दारं-खिडक्या बंद करून डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, लावायचा, हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणायची, आणि बादलीत रोज किती पाणी पडतं ते मोजायचं. पहिल्या दिवसांत बादल्या भरताना बघून माणसं चकित होतात, की एवढं पाणी भिंतीत होतं! ऑक्टोबरचा चटका सुरू झाला की मात्र यंत्र बंद करून सगळ्या खिडक्या उघडाव्यात. पुण्याची कोरडी हवा ते काम फुकटात करते. पेठांमधल्या जुन्या वाड्यांना हा हंगाम पुरत असे. त्यांच्या भिंतींनाही ओल यायची, पण वर चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी असल्याने ती दिवाळीपर्यंत निघूनही जायची, आणि ताज्या चुन्याच्या तिखटपणात बुरशीला धड मूळ धरता यायचं नाही. आपण भिंतींना प्लास्टिक नेसवलं आणि तो रस्ता बंद केला. ओल्या भिंतीला आतून वॉटरप्रूफ कोटिंग करणं हे त्याचंच पुढचं टोक. पाणी जात नाही, फक्त कोटिंगच्या वर, दोन फुटांवर जाऊन पुन्हा उमटतं.

काम झालं की नाही हे ठरवायला हवेच्या नमुन्यांचे महागडे अहवाल घेण्याचा आग्रह मी धरणार नाही. पावसाळ्यात बाहेरच्या हवेतच बीजाणू इतके असतात, की आकड्यावरून घराबद्दल फारसं काही ठरत नाही. डोळ्यांना कुठे काही दिसत नाही, काळं फडकं फिरवल्यावर त्यावर धूळ येत नाही, आणि खोली चोवीस तास बंद ठेवून दार उघडल्यावर ओलीचा कुबट वास येत नाही, एवढं जमलं की दाराचं प्लास्टिक काढावं. वास घ्यायला बाहेरचा माणूस बोलवावा. त्या घरात राहणाऱ्यांचं नाक सरावलेलं असतं.

सिंहगड रस्त्यावरच्या काकूंचं नाक मात्र सरावलेलं नव्हतं. दादांचं बोलणं ऐकून त्या काही वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "दिसणार नाही हे खरं हो, पण हा वास? तो येतोय ना अजून." दादांनी पट्टी खाली ठेवली. त्या दिवशी पुट्टीचा डबा उघडला गेला नाही.

गणपती बाहेरच्या खोलीत बसले. आतल्या खोलीला प्लास्टिकचं दार लागलं, कपाट गेलं, स्कर्टिंग निघाली, कमरेच्या वर हातभर गिलावा निघाला आणि विटा उघड्या पडल्या. ओल मोजायचं छोटं यंत्र आणलं गेलं. विटेवर त्याचा आकडा तंतोतंत टक्के सांगत नाही, आणि क्षार असतील तर तो फुगतोही. म्हणून त्याच घरातल्या कधीच न भिजलेल्या, माळ्याजवळच्या भिंतीवर आधी आकडा घ्यायचा आणि त्याच्याशी ताडून बघायचं. काकू दर रविवारी सकाळी त्याच पाच विटांवर आकडा घेत, आणि पेन्सिलने विटेवरच तारीख घालून लिहीत. नातवंडांची उंची दाराच्या चौकटीवर लिहितात, तसं. दसऱ्यापर्यंत आकडे भराभर उतरले, दिवाळीत जागच्या जागी थांबल्यासारखे झाले. खालच्या विटेचा तर एकदा वर चढला. न्हाणीघराच्या बाजूचा एक सांधा गळत होता, तो तेव्हा कळला आणि दुरुस्त झाला. दिवाळीचा फराळ त्या उघड्या विटांसमोरच झाला, आणि आल्या-गेल्याला काकू आकडे दाखवत होत्या. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी पाचही विटांवर माळ्याजवळच्या भिंतीचाच आकडा आला. पुढच्या रविवारीही तोच. तिसऱ्या रविवारी काकूंनी त्याच रंगारी दादांना फोन केला. गिलाव्यावर चुना लावायचा का रंग, याचा विचार त्यांचा अजून चालला होता. नवं कपाट चार इंच पुढे उभं करायचं, एवढं मात्र ठरलं होतं.